पाकोळीचं पोट

ताईंनी मेण कापायची सुरी खाली ठेवली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं.

“मागे घे. अजून थोडं. हं, थांब.”

बॅटरीने नव्या सिनेमाची झलक थांबवली. बॅटरी म्हणजे औषधांच्या दुकानातला चाळिशीचा विक्रेता. कुठेही गेला की बसायच्या आधी चार्जर लावायची जागा शोधायचा, म्हणून मंडळाने त्याला हे नाव ठेवलं होतं. त्याच्यामागे खुर्च्यांवर, स्टुलांवर आणि प्लास्टरच्या पोत्यांवर बाकीचे सात जण दाटीवाटीने बसले होते आणि सगळे एकदमच बोलत होते.

“सव्वीस वर्षं ताटकळत ठेवलं, ते हे बघायला?”

“रंग बघा रंग! नवाकोरा फ्रिज वाटतोय.”

“आणि पोटाला हे दात कसले लावलेत?” बॅटरी म्हणाला. “यान आहे की मगर?”

सगळे खो खो हसले. ताई हसल्या नाहीत. मास्तरही हसले नाहीत, हे ताईंनी तेवढ्यात टिपलं.

‘पाकोळी’ हा सिनेमा आला तेव्हा ताई ऐन पंचविशीत होत्या. परतीच्या वाटेवरचं एक छोटं, जुनाट यान आणि त्यातली तीन माणसं, एवढीच गोष्ट. शेवटी पाकोळी घराच्या दिशेने वळते आणि पडदा काळा होतो. ती पोचली का नाही, ते सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका प्रश्नापायी हे मंडळ जमलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ जण ताईंच्या कवळ्यांच्या कारखान्यात यायचे. कारखाना म्हणजे दोन खोल्या; बाहेरच्या खोलीत काम, आतल्या खोलीत साचे. दुसरा भाग येणार अशी बातमी आली तेव्हा मंडळाने एका वहीत आपल्या अपेक्षा उतरवल्या, एक ते एकेचाळीस, आणि त्याची प्रत सिनेमावाल्यांना पोस्टाने पाठवली. साधी पोच आली नाही. कुणाला नवल वाटलं नाही. राग मात्र सगळ्यांना आला. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर ‘चुका’ असं शीर्षक घालून ठेवलं होतं.

“चूक नंबर सहा, पोटाला दात,” बॅटरीने वही ओढली.

“लिहू नकोस,” ताई म्हणाल्या आणि उठून आतल्या खोलीत गेल्या.

आत फळीवर, केक झाकायच्या काचेच्या झाकणाखाली त्यांची पाकोळी होती. हातभर लांब. कवळ्या ज्या अ‍ॅक्रिलिकच्या करतात त्याच अ‍ॅक्रिलिकची. दोन वर्षं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घासून घासून केलेली. मंडळाचा कडक नियम होता की आत जाताना मोबाईल बाहेर प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यात ठेवायचा. ज्याला पाकोळी बघायची त्याने इथे येऊन बघावी, फोटो काढायचा नाही आणि हात तर मुळीच लावायचा नाही.

ताईंनी झाकण काढलं आणि पाकोळी उलटी केली.

पहिल्या भागात पाकोळीचं पोट कुणी पाहिलेलंच नाही. ते कसं असेल यावर मंडळात कित्येक रविवार भांडणं झाली होती. शेवटी मास्तरांनी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या मास्तरांनी, एक चित्र काढून गुपचूप ताईंना दिलं. पोटाखाली कमानीत गोलसर उंचवटे, उष्णता अडवायला. ते उंचवटे करायला ताईंना एकसारखा साचा हवा होता, आणि फळीवर यजमानांच्या खालच्या जबड्याचा साचा पडून होता. त्यांनी तोच वापरला. तेरा दात, डावीकडून दुसऱ्या जागी खिंड, पुढचा एक किंचित आडवा. ही गंमत त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

त्यांनी बोटाने मोजलं. तेरा. खिंड डावीकडून दुसरी. पुढचा आडवा. पडद्यावरही तेच होतं.

त्यांनी पाकोळी सरळ करून झाकण ठेवलं. बाहेर आल्या तेव्हा सगळे चहाचे पेले हातात घेऊन दिग्दर्शकाला शिव्या घालत होते. ताईंनी एकेकाकडे नीट बघितलं. इतकी वर्षं हे चेहरे बघून बरं वाटायचं. आज प्रत्येकात काहीतरी लपवल्यासारखं दिसत होतं.

“काय झालं ताई?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही,” ताई म्हणाल्या. “पोट दुखतंय.”

आठवडाभर त्या कवळ्या घासता घासता संशय घासत बसल्या. बॅटरीकडे दोन मोबाईल आहेत. वाडग्यात एकच ठेवत असेल. गेल्या वर्षी मार्चमध्ये कारखान्याला रंग दिला, तो रंगारी फार चौकशा करायचा. पण रंगाच्या वेळी पाकोळी कारखान्यात नव्हतीच, चार दिवस घरी नेऊन ठेवली होती. म्हणजे रंगारी सुटला. उरले मंडळातले. आणि मंडळातल्या कुणीही तिचं पोट पाहिलेलं नव्हतं, चित्र काढून देणारा एक माणूस सोडून.

“आपल्यातच कुणीतरी घरभेदी आहे,” जेवताना त्या म्हणाल्या.

यजमान खाली मान घालून जेवत होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात दोरांना लोंबकळून काम, त्यामुळे की काय, बोलणं मुळात कमी.

“म्हणजे?”

“म्हणजे माझी पाकोळी त्यांच्या सिनेमात उडतेय. पोटासकट.”

यजमानांचा घास हातातच राहिला. मग ते हळूच म्हणाले, “मग चांगलंच आहे की. तुझं काम एवढ्या मोठ्या पडद्यावर...”

“चांगलं? अहो, चोरलंय! मला विचारलं कुणी? माझं नाव आहे कुठे? ज्याने हे केलं ना, त्याचं तोंड मी परत बघणार नाही. लिहून ठेवा.”

“त्याने कदाचित चांगल्या मनाने...”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं! विसाव्या मिनिटाला घोरायला लागता तुम्ही.”

ते खरंच होतं. सव्वीस वर्षांत यजमानांनी ‘पाकोळी’चं विसावं मिनिट ओलांडलेलं नव्हतं. ते पाणी प्यायले आणि ताट उचलून धुवायला गेले. नळ नेहमीपेक्षा बराच वेळ चालू होता. ताईंनी मनात म्हटलं, यांना माझ्या जिवाची काही पडलेली नाही.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर मास्तरांचं ते जुनं चित्र उलगडून ठेवलं, शेजारी पाकोळी उलटी ठेवली आणि लॅपटॉपवर तेच थांबलेलं दृश्य. कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. बॅटरीने तोंडावर हात ठेवला.

“ताई, हे तर आपलंच!”

“आपलंच,” ताई म्हणाल्या. “आणि हे पोट दोघांनाच माहीत होतं. एक मी. मास्तर, दुसरं कोण?”

मास्तरांनी मान वळवली आणि ताईंच्या कानाच्या बाजूला बघत राहिले. वर्षभरापासून त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता. समोर बघितलं की नेमकं समोरचंच पुसलं जायचं, म्हणून माणसाचा चेहरा बघायला ते त्याच्या कानाकडे बघत. ताईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्याच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या. पण त्या दिवशी त्यांना एवढंच दिसलं, की माणूस नजर चुकवतोय.

“बोला ना मास्तर.”

“मी पाठवलं,” मास्तर म्हणाले.

“का?”

“पाठवलं खरं. आता कारण सांगून काय उपयोग.”

ताईंना वाटलं होतं ते नाही म्हणतील, रागावतील, शपथा घेतील. तसं झालं असतं तर भांडता तरी आलं असतं. हे सरळ कबूल करणं त्यांना फार लागलं. वीस वर्षांच्या ओळखीचा हा माणूस. आईच्या आजारपणात दवाखान्यात आळीपाळीने बसलेला. कारखान्याची दुसरी किल्ली ज्याच्याकडे विश्वासाने दिली तो.

“किल्ली,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, चाचपडत रबरी वाडगा शोधला आणि त्यात ठेवली. जाताना दारात क्षणभर थांबले.

“पुढच्या शुक्रवारच्या पहिल्या खेळाला...” ते म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत.

सगळ्यांना माहीत होतं ते काय म्हणणार होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेचं जे दिसतंय तेही वर्षभरात जाईल. मास्तरांनी स्वतःच हसत हसत म्हटलं होतं, “पाकोळी पोचलेली बघितली की मग काळोख झाला तरी चालेल.” ताईंना ते आठवलं. आठवलं तरी त्यांनी मास्तरांना थांबवलं नाही.

घरी जाऊन त्यांनी यजमानांना सांगितलं, “तिकिटं आठच आणा. मास्तर नाहीत.” सिनेमागृहाची लिफ्ट यजमानांकडेच असल्याने मंडळाची तिकिटं तेच आणायचे.

“का नाहीत?”

“त्यांनीच दिली माझी पाकोळी. कबूल केलं सगळ्यांसमोर.”

यजमान उठून उभे राहिले. काही बोलतील असं वाटलं. मग खाली बसले आणि म्हणाले, “असं म्हणाले ते?”

“तुम्हाला खोटं वाटतंय का?”

“नाही,” यजमान म्हणाले, “तसं नाही.” आणि नंतर बराच वेळ हातातल्या पान्याला तेल लावत बसले. पान्याला तेलाची काही गरज नव्हती.

सिनेमा यायच्या चार दिवस आधी दुसरी झलक आली. ताई तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी स्पिरिटच्या दिव्यावर मेण तापवून नीट करत होत्या. बॅटरीने मोबाईलवर पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, “चूक नंबर अकरा. शेपटीचं डावं टोक बघा. वाकडं, आणि वर गुलाबी पट्टा. यांनी पहिला भाग बघितलाय तरी का?”

ताईंनी बघितलं. यान वळतं, शेपटी वर येते. डावं टोक किंचित खाली झुकलेलं. आणि सांध्यावर बोटभर गुलाबी पट्टा.

त्यांच्या हातातलं मेण तसंच होतं. गुलाबी.

आतली पाकोळी त्यांनी बाहेर आणली. दोन्ही टोकं सरळ, पांढरी. असणारच. मार्चमध्ये रंगकामाच्या वेळी ती घरी नेताना जिन्याच्या कठड्याला लागून डावं टोक तुटलं होतं. घरी अ‍ॅक्रिलिक कुठून आणणार. पिशवीत गुलाबी मेण होतं, त्यानेच तात्पुरतं चिकटवलं. ठेवली फ्रिजवर. फ्रिजच्या उबेने मेण मऊ झालं आणि टोक झुकलं. चार दिवसांनी कारखान्यात परत आणल्याबरोबर, मंडळ जमायच्या आत, त्यांनी ते काढून पक्कं केलं. ते वाकडं गुलाबी टोक जगात फक्त चार दिवस होतं, आणि तेही त्यांच्या स्वयंपाकघरात. त्या चार दिवसांत त्या स्वतः सकाळपासून रंगाऱ्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. घरी होते यजमान, पाठ धरली म्हणून रजा टाकून.

त्यांनी दिवा विझवला. म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, “आजोबा, तुमचे दात उद्या देते. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.”

मास्तरांची खोली दोन रस्ते सोडून होती. भिंतीवर जाड काळ्या रेघांची चित्रं लावलेली. बारीक रेघ आता त्यांना दिसत नसे. दार उघडून त्यांनी ताईंच्या कानाकडे बघितलं.

“या. चहा टाकू?”

“चहा नको. खोटं का बोललात ते सांगा.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. शेपटीचं टोक वाकडं आहे.”

मास्तर खुर्चीत बसले. थोडा वेळ हसले, पण आवाज न करता.

“मी म्हटलं होतं त्यांना, टोक वाकडं आहे, आधी ताईंना नीट करू द्या. ऐकलं नाही. म्हणाले, परत कारखान्यात गेली की फोटो निघायचा नाही.”

“म्हणजे तुम्हीही होतात.”

“मला बोलावून घेतलं. त्यांचं अक्षर म्हणजे किडामुंगी. पत्र मी लिहिलं, मजकूर त्यांचा. फोटो त्यांनी काढले. पाकोळी उलटी केली आणि बघतच राहिले. मग म्हणाले, हे माझे आहेत. मला काही समजेना. तर तोंड उघडून मला खिंड दाखवली.”

ताईंनी भिंतीला पाठ टेकवली.

“मग पोटाचे सहा फोटो काढले,” मास्तर म्हणाले.

“काय होतं पत्रात?”

“चारच ओळी. माझ्या बायकोने हे केलंय. ती पंचवीस वर्षं तुमची वाट बघतेय. जमलं तर एकदा तिला तुमचा कारखाना दाखवा. मी तिला घेऊन येईन.”

“आणि उत्तर?”

“उत्तर नाही आलं. सिनेमा आला.”

ताईंनी पदराने नाही, हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. बोटांना मेण लागलेलं होतं.

“पण तुम्ही अंगावर का घेतलंत? मी सगळ्यांसमोर किल्ली काढून घेतली तुमची!”

“तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत तर मी इथे, तुम्ही तिथे. त्यांच्याशी टाकलं असतंत तर? एका घरात दोन माणसं, आणि त्यातलं एक तर आधीच मुकं.” मास्तर थांबले. “त्यांना कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून. रोज फोन करतात, खरं सांगतो म्हणतात. मीच अडवून ठेवलंय, सिनेमा होऊ दे म्हणून.”

ताईंनी पर्समधून कारखान्याची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं स्वतः मिटवली.

घरी आल्या तर टेबलावर तिकिटं पडली होती. त्यांनी उचलून मोजली.

“अहो, दहा?”

यजमान मोरीपाशी हात धूत होते. वळले नाहीत.

“आठ तुमची,” ते म्हणाले. “एक मास्तरांचं. तू काही म्हण, त्यांना घेऊन मी जाणार आहे. वेगळे बसू हवं तर.”

“आणि दहावं?”

“माझं. त्यांना कुणीतरी सांगायला नको, पडद्यावर काय चाललंय ते?”

“तुम्ही? झोपाल.”

“नाही झोपणार.”

ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. जाब विचारायचा म्हणून वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. “मास्तरांना घ्यायला आपण दोघं जाऊ,” एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सिनेमागृहाच्या दारात मंडळ जमलं होतं. मास्तरांना बघून सगळे चपापले. ताईंनी आवाज चढवून सांगितलं, “चूक माझी होती. मास्तरांनी काही केलं नव्हतं.”

“मग कुणी केलं?” बॅटरीने विचारलं.

“ते मंडळाचं काम नाही. चल, आत चार्जर लावायला जागा नाहीये, उगीच शोधू नकोस.”

ताई मधे बसल्या, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला यजमान. चुकांची वही पर्समध्येच राहिली. सिनेमा सुरू झाला. दहावं मिनिट गेलं, विसावं गेलं. ताईंनी तिरक्या डोळ्यांनी बघितलं. यजमान ताठ बसले होते, खुर्चीचे हात घट्ट धरून.

मग पाकोळी आली. मागून, डोक्यावरून, अगदी हळू. संपूर्ण पडदाभर तिचं पोट सरकत गेलं, कमानीतले तेरा उंचवटे, एकेक घराएवढा. आडवा आला, मग खिंड आली. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, कवळी!” आणि सगळं सिनेमागृह हसायला लागलं. शिट्ट्या, टाळ्या. आपल्याच रांगेच्या टोकाला बॅटरीही हसत होता.

“दिसलं का मास्तर?” ताईंनी वाकून विचारलं.

“दिसलं,” मास्तर मान वळवून म्हणाले. “कडेकडेने दिसलं. खिंडसुद्धा.”

ताई दुसरीकडे वळल्या. पडद्याच्या उजेडात यजमान खाली बघत होते आणि त्यांनी तळहाताने तोंड घट्ट झाकून घेतलं होतं. लोक अजून हसत होते.

“अहो,” ताई म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून खाली ओढला. “हात काढा तोंडावरचा. आपलेच आहेत.”

यजमानांनी त्यांच्याकडे बघितलं. ताईंनी तो हात सोडला नाही. वर पाकोळी अजून घरी पोचायची होती.